अवसेच्या दिवशी काढलेला व्हिडिओ

कॅमेऱ्यापुढं उभा राहिलो की मला स्वतःचं नाव आठवत नाही, शिव्या मात्र सगळ्या आठवतात. तरी मी उभा राहिलो, कारण दुसरा इलाज नव्हता.

बेळगावात माझं लहानसं वर्कशॉप आहे. तीन लेथ मशिनं, पंपाला लागणारे लोखंडी भाग कातून द्यायचे, हा धंदा. आम्हाला निम्म्याहून जास्त काम देणाऱ्या कारखान्यानं स्वतःचीच मशिनं घेतली आणि आम्ही हात चोळत बसलो. नवीन गिऱ्हाईक मिळालं नाही तर एक मशीन विकायचं आणि ते चालवणाऱ्या आण्णांना घरी पाठवायचं, एवढं ते सरळ होतं. आण्णा पिरनवाडीहून यायचे. वडिलांच्या काळापासूनचे टर्नर, माझ्या हातात पहिलं टूल त्यांनीच दिलेलं. त्यांना सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो.

पोरगी पुण्याला नोकरीला आहे. तिनं फोनवर फर्मान काढलं, "आप्पा, आता हिंडून गिऱ्हाईक मिळत न्हाय. नोकरीधंदेवाल्यांचं ॲप असतंय, त्यावर एक मिनिटाचा व्हिडिओ टाका. कंपन्यांची परचेसवाली माणसं तिथंच असत्यात." पहिल्या तीन सेकंदांत माणसाला धरायचं, हसायचं, सुरुवातीला आभार मानायचे, अशा सूचनाही दिल्या. तीन सेकंदांत कुणाला धरता येतं? मी आजवर धंदा केला तो चहा पाजून, समोरच्याच्या हातात कातलेला जॉब, म्हणजे तयार भाग, देऊन. तो त्यावरून बोट फिरवून बघायचा आणि मग बोलायचा.

आठ दिवस झटापट केली. मराठीत बोलावं की कन्नडमध्ये, यातच दोन दिवस गेले, शेवटी हिंदी ठरली. मशीन चालू असलं की माझा आवाज ऐकू येईना आणि बंद करावं तर हातात उरलेलं थोडंसं कामही खोळंबायचं. त्यात माझा शर्ट तेलकट आणि तोंड आंबट.

मग मला अक्कल सुचली. आमच्याकडं अवसेला, म्हणजे अमावास्येला, मशिनं चालवत नाहीत. सकाळी ती पुसून, कुंकू लावून, झेंडूचे हार घालून पूजा करायची, लिंबू कापायचं आणि घरी जायचं. शांतता, स्वच्छता, वर फुलं! इथल्या कुठल्याही कारखानदाराला व्हिडिओसाठी हाच दिवस चांगला वाटला असता. धुतलेला शर्ट घालून, तिन्ही नटलेली मशिनं पाठीमागं घेऊन मी हसलो. इतकी वर्षं साथ दिलेल्या सगळ्यांचे हात जोडून आभार मानले आणि आमच्या कामाची माहिती दिली. व्हिडिओ पोरीला पाठवला, तिनं तो त्याच दिवशी टाकला.

लोकांनी बघितला की! 'अभिनंदन', 'प्रेरणादायी प्रवास', अशा प्रतिक्रिया ढिगानं आल्या. एकानं मला चांगले व्हिडिओ करायला शिकवण्याची तयारी दाखवली. जुन्या मशिनांच्या दोन दलालांनी विचारलं, मशिनं केवढ्याला देणार? मी भडकून दोघांनाही नको ते लिहिलं. एक साधा बुश कातून मिळेल का, हे मात्र एकाही शहाण्यानं विचारलं नाही.

हुबळीकडच्या एका पंप कंपनीच्या परचेस साहेबांच्या मागं मी दोन महिने होतो. नमुने त्यांना पसंत होते, ऑर्डर देतो म्हणाले होते. काहीच कळेना म्हणून मीच फोन लावला.

"अहो, तुमचा व्हिडिओ बघितला ना," ते हिंदीत म्हणाले. "सगळी मशिनं बंद, त्यांना हार घातलेले, तुम्ही हात जोडून आभार मानताय. वाटलं, तुम्ही धंदा आवरला. वाईट वाटलं, पण आमचं काम कसं थांबवणार? गेल्या आठवड्यात दुसऱ्याला दिलं."

साहेब बदली होऊन लांबून आलेले, त्यांना आमची अवस काय ठाऊक? मी जीव तोडून समजावलं. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. फोन ठेवला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. बाहेरून एकही माणूस आड आला नव्हता. कामासाठी दारोदार फिरणाऱ्यानं जगाला बंद कारखाना दाखवला होता.

शनिवारी आण्णांना सगळं सांगितलं. व्हिडिओचं, हुकलेल्या ऑर्डरचं आणि सोमवारपासून येऊ नका, हेही. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"दाखीव बघू," एवढंच म्हणाले.

चष्मा पुसून त्यांनी तो दोनदा बघितला. माझ्या भाषणाकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचं मशीन दिसलं की बोटानं व्हिडिओ थांबवायचे आणि फोन जवळ धरायचे.

"लई देखणं दिसतंय रं," ते म्हणाले. "मला पाठीव. इतकी वर्सं झाली, मी काय काम करतो ते घरात कुणी बघितलंच न्हाय."

उभ्या उभ्या पाठवला. त्या व्हिडिओचा ज्याला उपयोग झाला असा तो एकच माणूस, आणि त्यालाच मी कामावरून काढत होतो.