कोचीची शेळी आणि आबांची तीन बोटं

रांजणगावच्या कंपनीत नवऱ्याची रजा ऐनवेळी रद्द झाली आणि मुंबई-कोची क्रूझचं एक तिकीट रिकामं राहिलं. मी त्यावरचं नाव बदलून घेतलं आणि कारेगावहून थेट राहू गावी गेले, माझ्या वडिलांना उचलायला! आबांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर दोन वर्षांपूर्वी सगळी विकली, तेव्हापासून ते नुसते ओट्यावर बसून असतात. एकदा तरी ते पूर्वीसारखे तरतरीत दिसावेत, एवढाच माझा हट्ट होता.

जहाजावर मी लहान पोरीसारखी मजले चढत-उतरत होते. आबा मात्र दहीभात खायचे आणि विचारायचे, "घरी कवा जायचं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी कोची आलं. चारच्या आत जहाजावर परत यायचं होतं, आणि जहाज काही कंपनीच्या बससारखं कोपऱ्यावर हॉर्न वाजवत थांबत नाही. बंदराबाहेर रिक्षाचं भाडं आधीच ठरवून घ्या. आम्ही फोर्ट कोचीपर्यंत तीनशे दिले. वाटेत मट्टांचेरीच्या मसाल्याच्या गल्लीत उतरलो. सुंठ, वेलदोडा, मिरीच्या वासानं मी वेडी झाले!

"सुंठ आपल्याकडं बी मिळती," आबा म्हणाले.

समुद्रकाठची ती मासे पकडायची प्रचंड चिनी जाळी चार-पाच माणसं दोर ओढून वर घेतात. मी फोटोंवर फोटो काढले. आबांनी जांभई दिली. माझा उत्साह पार मावळला.

आणि मागच्या गल्लीत त्यांना ती दिसली. एकटी, काळी शेळी, भिंतीवरचं पोस्टर खात होती. आबा तरातरा गेले आणि तिचा कान धरला.

"हिचा धनी कुठं हाय? वाट चुकलीया ही."

रिक्षावाला हसला. "अंकल, यहाँ बकरी ऐसे ही घूमती है. शाम को खुद घर जाती है."

आबांनी तिच्या पोटावर हात फिरवला. "व्यायला टेकलीया. अशी सोडून कसं जायाचं?"

"आबा, अडीच वाजलेत! जहाज चुकेल!" मी खरंच चिडले होते.

"जाऊ दे जहाज. चल गं बाय, दाव घर." त्यांनी कान सोडला, पाठीवर थाप मारली आणि शेळीमागं चालू लागले. गुडघे कुठं गेले होते कोण जाणे, मलाच धावावं लागलं!

तीन गल्ल्यांपलीकडे शेळी एका निळ्या दारात शिरली. आतून शेळीच्या मालकीण नबीसाचाची आल्या, आबांच्याच वयाच्या. मी हिंदीत सगळं सांगितलं. त्या हसल्या, दोन बोटं दाखवून म्हणाल्या, "दो बच्चा."

आबांनी पुन्हा पोट चाचपलं आणि तीन बोटं वर केली. "न्हाई. तीन हायती."

वाद रंगला. एक मल्याळममध्ये, एक मराठीत! त्यातच चाचींनी आम्हाला पत्तिरी वाढली, म्हणजे आपल्या तांदळाच्या भाकरीची पातळ बहीण, आणि नारळाच्या रसातलं मटण. हॉटेलात खाऊ नका म्हणत नाही, पण असं ताट नशिबानंच मिळतं. आबांनी पाच पत्तिऱ्या खाल्ल्या. मी चाचींचा नंबर घेतला, माझा दिला, पिल्लं झाली की कळवा म्हणाले आणि आबांना अक्षरशः ओढत निघाले. चारला पाच मिनिटं असताना आम्ही जहाजावर पाय ठेवला, आणि मी हसत सुटले.

परतीच्या वाटेवर "घरी कवा" एकदाही झालं नाही. त्याऐवजी दर तासाला, "फोन आला का?"

फोटो आला तो राहूला पोचल्यावर चौथ्या दिवशी. गोणपाटावर ओली पिल्लं होती. एक, दोन आणि आईच्या पोटाखाली दडलेलं तिसरं.

आबांनी फोटो बराच वेळ बघितला. मग ओट्यावरून उठले आणि खुंटीवरचं मुंडासं काढलं.

"शनवारी काष्टीच्या बाजाराला सोड मला," म्हणाले. "एकच शेळी घेतो. गाभण."