ठकठकमामांचा बेंजो आणि माझा कूलर

समस्त नागपूरकरांस, विशेषतः ज्यांच्या घरी कूलर आहे त्या भाग्यवंतांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गल्लीत घरी बनलेल्या पहिल्यावहिल्या बेंजोचा खून कोणी केला, याचा तपास पूर्ण झाला आहे. मयताचे वय तीन आठवडे. आरोपी विज्ञानाचा शिक्षक. आरोपी चष्मा लावतो, सभ्य दिसतो आणि सध्या हा मजकूर लिहीत आहे.

मयताचे जन्मदाते ठकठकमामा. ते रेल्वेत फिटर होते आणि समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेराने ठोकून तिचा सूर सांगत. आमची बादली काळी एक. शेजारच्यांचं दार पांढरी चार, "पन पावसाळ्यात उतरते." एकदा त्यांनी घरमालकाच्या टकलावरून नुसती नजर फिरवली, तर तो बिचारा पुढच्या वेळी टोपी घालून आला. सत्तरच्या दशकात नवं लग्न आणि नवा कूलर अशी दुहेरी मिजास घेऊन मी त्या गल्लीत राहायला आलो, तेव्हा मामांनी आधी कूलरच ठोकला. "मास्तर, पत्रा चांगला आहे. पांढरी तीनमधी गाऊन राहिला." मी गल्लीभर सांगत सुटलो, आमचा कूलर गातो.

वस्तीच्या गायन पार्टीत मामा बेंजो वाजवत. बेंजो म्हणजे आपल्याकडचा. मांडीपुढे आडवा ठेवून एका हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्याने तारा छेडायच्या, तो. दर वर्षी बुद्धजयंतीला मंडपात कार्यक्रम होई आणि मामा गायकाच्या उजव्या हाताला बसत. वीस वर्षांत ती जागा बदलली नव्हती. पण पार्टीचा जुना बेंजो पार खिळखिळा झाला आणि गायक सुखदेवने स्पष्टच सांगितलं, "मामा, पौर्णिमेपर्यंत नवा आना. नाही तं कन्हान गावचा पोरगा आपला बेंजो घेऊन याले तयार आहे. मंग त्यालेच ठेवतो."

तयार बेंजो मामांना परवडणारा नव्हता. त्यांनी मासिकातली जाहिरात पाहून सुटे भाग मागवले. पोस्टाने खोकं आलं. आत कापलेल्या फळ्या, बटणं, स्प्रिंगा, तारा आणि हिंदीतला एक कागद. मामांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "लिहिनाऱ्यानं कधी बनवला नसन."

मग तीन आठवडे ड्युटीवरून आले की मामा आणि त्या फळ्या. प्रत्येक फळी ठोकायची, कानाशी धरायची, रंधा मारायचा, पुन्हा ठोकायची. "काहून एवढं घासता?" मी विचारलं. "लाकूड बोलते गा मास्तर. त्याले बोलू द्या लागते." शेवटी फळ्या चिकटवायला सरस शिजवला. त्या वासाने अख्खी गल्ली नाक धरून बसली. मामा मात्र खीर ढवळावी तसे ढवळत होते. जोड लागले, बेंजोची पेटी दोरीने करकचून बांधली, आणि नेमकं त्याच दिवशी त्यांना दोन दिवसांसाठी बाहेरगावी ड्युटी लागली. त्यांच्या पत्र्याखालच्या खोलीत लाकूड तडकलं असतं. पेटी आमच्याकडे आली. "सावलीत ठेवा. हात लावू नोका. आपल्या मनानं वाळू द्या."

आपल्या मनाने! आणि मी विज्ञानाचा शिक्षक! वारा लागला की बाष्पीभवन वाढतं, हे मी वर्षातून चार वर्गांना शिकवत होतो. वैशाखात नागपुरात कोणी आवडता पाहुणा आला की आपण काय करतो? कूलरसमोर बसवतो. मी पेटी स्टुलावर कूलरसमोर ठेवली. दोरीही सोडली, वारा नीट लागावा म्हणून. कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, कूलरपुढं तं पापडबी नरम पडते." मी तिला बाष्पीभवन समजावून सांगितलं.

संध्याकाळी वाळत आलेला सरस पुन्हा पातळ सरस झाला होता. फळ्या एकमेकींवरून घसरत होत्या. तेव्हा मी काय करावं? मामांना सांगावं. मी काय केलं? शाळेतला डिंक आणला, फळ्या चिकटवल्या, फडक्याने पुसल्या, दोरी पूर्वीसारखी बांधली आणि कुसुमला कोणाला न सांगण्याची शपथ घातली.

मामा आले, पेटी घेऊन गेले. दोन दिवसांनी, ऐन पौर्णिमेच्या सकाळी, त्यांनी तारा चढवून खुंट्या पिळल्या. फाट्कन आवाज झाला. मी धावलो. वरची फळी उसळून पडली होती, बटणं खोलीभर विखुरली होती, आणि मामा आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहत होते.

"पस्तीस वर्षं जोड बसवले मास्तर. एक सुटला नाही. आता हात गेला माहा."

मी बटणं वेचू लागलो. एकेक बटण अगदी मन लावून वेचलं.

पुढचं आधी सांगून टाकतो. मामांनी त्याच फळ्यांतून दुसरा बेंजो बांधला आणि तो मरेपर्यंत वाजवला. सरस ढवळायला मला बसवलं. रागाचा शब्द काढला नाही; एवढंच म्हणाले, "वर्गात सांगजा पोरायले, वारा ओला असला तं काय होते." निवृत्तीपर्यंत मी बाष्पीभवन शिकवलं. हे उदाहरण एकदाही दिलं नाही. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि ते उदाहरण आज इथे देतो आहे.

त्यांचा हात त्यांना परत मिळाला, त्यात माझं काडीचं श्रेय नाही. त्या पौर्णिमेच्या संध्याकाळी मंडप भरला होता. मामांच्या जागेवर कन्हानचा पोरगा चकचकीत बेंजो घेऊन बसला होता. सुखदेवने माइकवर सांगितलं की यापुढे हाच वाजवेल. मग खाली बसलेले मामा उठले, माइकपाशी गेले आणि म्हणाले, "मंडळी, सुखदेवची चूक नाही. जोड मीच कच्चा ठेवला. म्हातारपन लपत नाही. पोराले टाळ्या द्या."

लोकांनी टाळ्या दिल्या. मीही दिल्या, हे विशेष. तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुसुम ताडकन उभी राहिली, आणि माइक नसतानाही तिचा आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला:

"मामाचा जोड पक्का होता जी! आमच्या ह्यायनं त्याले दिवसभर कूलरची हवा खाऊ घातली, अन् वरून डिंक लावून चूप बसले!"