हॉलमधला घुबडाचा फोटो

काल ड्रॉवर आवरताना कोल्ह्यांना भुलवायची जुनी शिट्टी सापडली. न राहवून मी ती फुंकली. जखमी सशासारखं तिचं ते किंचाळणं ऐकलं आणि वीस वर्षांपूर्वीचं, इंग्लंडमधल्या मेडनहेडजवळचं बर्फाळ शेत आठवलं.

कॅमेरा लावून मी कोल्ह्याला बोलवत होतो. आलं गव्हाणी घुबड, भर दुपारी, पंखांचा जराही आवाज न करता. ससा दिसेना, तसं कुंपणावर जाऊन बसलं. मी पुन्हा फुंकली, ते पुन्हा आलं.

"पुरे रे, उपाशी असेल ते," सोबतचा संदीप म्हणाला.

"शेवटचं एकदा," मी म्हणालो, तेही चार वेळा.

अखेर ते कुंपणाकडे परतलंच नाही, दमून माझ्यासमोर बर्फातच बसून राहिलं. तोच फोटो हॉलमध्ये आहे.

"किती विश्वासाने बघतंय हो तुमच्याकडे!" पाहुणे म्हणतात. मी मान डोलावतो.