आखूड ओळी

मुखेडहून संगमेशच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी संगमेशवरच चिडले होते. आज येत नाही म्हणून साधा निरोप नाही! भाऊ म्हणाला, "ताई, दादा गेला... चहा पिऊन राहिला होता, तसाच कलंडला." माझा राग कुठं ठेवू, हेच मला सुचेना.

नांदेडच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही धर्माबादच्या मिरचीच्या आडत दुकानांसाठी प्रोग्राम लिहितो. प्रोग्राममध्ये काही बदललं की ते का बदललं, हे चार ओळींत लिहून ठेवायचं. त्याला कमिट मेसेज म्हणतात. ओळ बहात्तर अक्षरांपुढे जाऊ द्यायची नाही, हे संगमेशनंच आम्हाला शिकवलं. ज्यात लिहितो त्या एडिटरमध्ये एकदा आकडा टाकला की ओळ आपोआप तुटते. कुणी विसरलं की ओरडायचा, "ओळ हाय का एसटी? हात केला तरी थांबंना!"

मग शुगरनं त्याची नजर अधू केली. अक्षरं एवढाली मोठी करून तो वाचायचा आणि अर्धी ओळ पडद्याबाहेर जायची. काम सुटेल या धास्तीनं तो कुणाला बोलला नाही. मला दिसत होतं ना! मी सगळ्यांच्या मशीनवर बहात्तरचे चाळीस केले आणि नवीन नियम आलाय म्हणून थाप मारली. हा गडी मात्र हट्टानं बहात्तरवरच लिहीत राहिला, स्वतःला धड वाचता येत नसताना.

एका दुपारी शेजारी येऊन बसला. "माझ्यासाठी करून राहिले न तुम्ही?"

"न्हाई रे, आमचेच डोळे गेले."

तो हसला... मग चष्मा काढून डोळे पुसले. "लई गुणाची हायस गं. पण थापा मारता येईनात तुला." संध्याकाळी त्याचा कमिट मेसेज आला, आखूड आखूड ओळींचा. मला भरूनच आलं. त्यानंतर शेवटपर्यंत तो आमच्यातच काम करत राहिला.

परवा ऑफिसचे सर म्हणाले, आता पुन्हा बहात्तर करून टाका. केले. मग त्याचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण केलं आणि मेसेज लिहायला घेतला. ओळ लांबत गेली तशी मी थबकले. इथून पुढचं त्याला दिसलं नसतं... मी माझ्या मशीनवर चाळीस टाकले आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, त्याला वाचता येईल असं.