सुरीला भ्यालेला म्हातारा

माझ्या नवऱ्याला, आयव्हनला, मंडळीचा डीकन व्हायचं नव्हतं. आमच्यात ज्याला व्हायचं असतं तो माणूसच संशयाचा, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही मोठं नाही. मंडळीतली माणसं बिशपच्या कानात एकेक नाव सांगतात. ज्यांची नावं येतात त्यांच्यापुढे गीतांची पुस्तकं मांडतात. त्यातल्या एकात चिठ्ठी असते, आणि ज्याच्या हाती ती आली तो जन्माचा अडकला. आयव्हनने पुस्तक उघडलं आणि त्याचा चेहरा असा पडला, की बायकांच्या बाजूला बसूनही मला सगळं कळलं. मी रडले. बाकीच्या बायकाही रडल्या. आपला नवरा सुटला म्हणून रडल्या असतील असं मला अजून वाटतं.

ओहायोच्या या मुलखात आम्ही आमिश, म्हणजे जुन्या वळणाचे ख्रिस्ती लोक, विमा काढत नाही. विमा काढायचा म्हणजे देवावर आणि शेजाऱ्यावर भरवसा नाही असं दारावर लिहून लावायचं. कुणी इस्पितळात पडलं की डीकन घरोघर फिरतो, ज्याला जे झेपेल ते तो देतो, आणि एकाचं बिल सगळ्या मंडळीचं होतं. प्रवचन करणाऱ्याचं काम जिभेचं, डीकनचं पायांचं. मागायला जायची आयव्हनला कधी लाज वाटली नाही. त्याला धास्ती होती ती न मागणाऱ्यांची. रविवारी उपासनेला माणसं जमली की त्याची नजर फिरायला लागायची. बाकावरून उठताना कुणी हाताचा टेकू घेतला, कुणी ब्रेड तसाच टाकला, कुणाचा कोट खांद्यावरून लोंबायला लागला.

"दात दाखवा रे, आयव्हन आला," शेजारचा रोमन ओरडायचा. "हा माणूस घोडा तपासावा तसा तपासतो."

सगळे हसायचे. आयव्हनही हसायचा, आणि हसता हसता रोमनचे दात बघून घ्यायचा.

हे वेड त्याला बापामुळे लागलं होतं. माझे सासरे माहलोन राबर घोड्यांचं चामड्याचं सामान शिवायचे. आम्ही त्यांना डॅट म्हणायचो. आमचं लग्न नवीन होतं त्या वर्षी पलीकडच्या शेतावरची लहानगी लिडियान आजारी पडली. पोरगी चार पावलं धावली की ओठ निळे. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बिघडली आहे, छाती उघडावी लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बिशप खाली बसला म्हणतात. मग मोठा लिलाव झाला. बायकांनी आपल्या गोधड्या दिल्या, कुणी डुकरं विकली, कुणी पुढच्या हंगामाचं बियाणं. डॅटनी आपली लाडकी तपकिरी घोडी नेऊन उभी केली. पोरगी वाचली. विकण्यासाठी घरोघर सफरचंदाचे केक भाजले गेले, पेट्याच्या पेट्या रिकाम्या झाल्या, आणि त्याच हिवाळ्यात डॅट पोटावर हात ठेवून चालायला लागले.

"कोबी बाधला," ते म्हणायचे. विजार सैल झाली तेव्हा माझ्याकडे आले. "सलोमा, ही बटणं जरा आत घे."

"वाळलात किती, डॅट!"

"तुझ्या हातचं खाऊन माणूस वाळायचाच."

असं बोलल्यावर सून काय बोलणार! मी बटणं आत घेतली. वसंतात ते दुकानात कोसळले तेव्हा आम्ही गाडी भाड्याने करून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, आधी आणायला हवं होतं, कापून काढता आलं असतं. घरी परत आणलं. शेवटच्या दिवसांत त्यांच्या खाटेशी आम्ही दोघंच असायचो. आयव्हनने एकदा विचारलंच, "डॅट, बोलला का नाहीत?"

"एका मंडळीच्या पाठीवर एकाच वर्षात किती लादायचं रे?" ते म्हणाले. "पोर जगली ना? माझं काय, म्हातारा मी."

भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्यात ती मरणाचीही बहीण आहे.

आयव्हनने रडता रडता ही गोष्ट प्रवचन करणाऱ्याला सांगितली, आणि त्या भल्या माणसाने ती अंत्यविधीत घातली. एका लहानग्या जिवासाठी एकाने आपलं ओझं मंडळीवर टाकलंच नाही, असं म्हणाला. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. अंत्यविधीला भरलेलं अख्खं कोठार वळून आईच्या मांडीवर बसलेल्या लिडियानकडे बघायला लागलं. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष माना हलवत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं, की अहो, याचं कौतुक करू नका, उद्या दुसरा कुणी असाच मरेल. पण अंत्यविधीत सुना ओरडत नाहीत. पोरगी मात्र त्या माणसांकडे टकमक बघत होती. आपण काहीतरी सांडलं की मुलं अशी बघतात.

ती मोठी झाली, रोमनशी लग्न झालं, तीन मुलं झाली. कुणाच्या घरी बाळंतपण असो, कोठार जळालेलं असो, पहिला डबा लिडियानचा. तिच्याकडून घेण्यात कुणाला अडचण नव्हती. तिला काही द्यायला जा, की तिचा चेहरा मिटायचा. वाटीभर साखर उसनी नेली तर परत करताना शिगोशीग भरून आणायची. "अगं, मी सावकार आहे का?" म्हणून मी चिडायचे. ती नुसतं हसायची.

मग एका वसंतात प्रभुभोजनाचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही एकमेकींचे पाय धुतो. ज्या दोघी जवळ असतील त्या जोडी. माझ्या वाट्याला लिडियान आली. मी गुडघे टेकून तिचा पाय कोमट पाण्यात घेतला आणि घोट्यावर अंगठा टेकवला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहावा तसा. मी वर पाहिलं.

"बूट नवीन आहेत," ती पुटपुटली.

"ते बूट तुझ्या आईचे आहेत. मी ओळखते."

पाय धुऊन झाले की गालाला गाल लावून शांती द्यायची असते. तिने गाल लावला आणि कानात म्हणाली, "आयव्हनला सांगू नकोस."

आमची बग्गी रस्त्याला लागायच्या आत मी आयव्हनला सांगितलं. त्याने लगाम ओढून घोडा थांबवला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचे हेलपाटे सुरू झाले. डॉक्टरकडे जायलासुद्धा तिला चार वेळा समजवावं लागलं. झडप पुन्हा बिघडली होती. पुन्हा छाती उघडायची, नाहीतर पुढचा हिवाळा दिसायचा नाही. ती म्हणाली, नको.

"माझा वाटा मी घेऊन झाला, आयव्हन. माझा घेतला, दुसऱ्याचाही घेतला."

"असे वाटे नसतात, बाई."

"तुझ्या बापाला विचार."

आणि मग तिने ते सांगितलं. कपडे वाळत घालायला गेलं की माहलोन कुंपणापाशी उभा असतो. लहानपणापासून. आमच्यात भुताखेताला थारा नाही. मेलेला माणूस देवाजवळ जातो, शेतात हिंडत नाही, हे तिलाही माहीत होतं. ती अगदी सरळ आवाजात सांगत होती, शेजाऱ्याने गाईबद्दल सांगावं तसं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"काही नाही. रागावलेलाही नसतो. बघतो फक्त, मी नीट आहे ना म्हणून. तेच मला सोसत नाही, सलोमा."

रोमनची थट्टा बंद झाली. तो गोठ्यात जाऊन रडायचा आणि डोळ्यांत भूस गेलं म्हणायचा. बिशप स्वतः येऊन गेला. मदत नाकारणं हा गर्व आहे, गर्व हे पाप आहे, असं त्याने तिला बजावलं. लिडियान शांतपणे म्हणाली, "मग माहलोनने नाकारली तेव्हा तुम्ही सगळे तिला नम्रता कसं म्हणालात?" बिशप कॉफी तशीच टाकून निघून गेला. मला त्याची कीव आली नाही. एकदा तरी कुणी ते विचारायलाच हवं होतं.

वाटाणे आले तोवर तिला ओट्याच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागत होतं. एका दुपारी आम्ही तिघं तिच्याच ओट्यावर वाटाणे सोलत बसलो होतो. मग आयव्हन हातातली शेंग खाली ठेवून म्हणाला, "लिडियान, घरातली गोष्ट सांगतो. बाहेर नेऊ नकोस. डॅट तुझ्यासाठी गप्प बसले नव्हते."

"प्रवचनात सांगितलं होतं."

"ते मीच सांगायला लावलं. मला लाज वाटत होती म्हणून. तुझं दुखणं निघायच्या आधीच डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं, पोट कापावं लागेल. ते तिथून पळून आले. जन्मभर चामडं कापलं, पण स्वतःच्या कातड्याची गोष्ट निघाल्यावर हातपाय गळाले. सुरीला भ्याले. तुझं नाव त्यांना मरताना सुचलं, तोंड लपवायला. भित्रा माणूस होता, पोरी."

मी वाटाण्यांकडे बघत राहिले. घोडा विकतानासुद्धा आधी त्याची खोड सांगणारा माणूस हा. त्याच्या तोंडून मी तोवर एकही खोटं ऐकलं नव्हतं. आणि पहिलं खोटं सांगितलं तर काय, बापाची एवढी एकच पुंजी होती, तीच काढून घेतली.

लिडियानने माझ्याकडे पाहिलं. "सलोमा, खरं हे?"

"खरं," मी म्हटलं. "डॉक्टरकडे विसरलेली टोपी आणायला मलाच परत जावं लागलं होतं."

ती हसायला लागली. हसता हसता धाप लागली, मग रडायला लागली, आणि मग तिला असा काही राग आला की भांडं लाथेने उडून वाटाणे अंगणभर झाले. "म्हणजे सगळा जन्म मी एका भेकड म्हाताऱ्यापायी..." पुढचं तिला बोलवेना. आम्ही तिघांनी मिळून वाटाणे गोळा केले. त्याच आठवड्यात ती शहरात जायला तयार झाली.

आयव्हन घरोघर फिरला. कुणी हात आखडला नाही. शेजारच्या मंडळ्यांनीही पाठवलं. छाती उघडली, झडप बसवली, आणि पानं पिवळी पडायच्या सुमारास लिडियान पुन्हा दोरीवर चादरी फडकावायला लागली. मी मुद्दाम जाऊन विचारलं, "अजून दिसतात का गं ते?"

"छे!" ती चिमटे तोंडात धरून म्हणाली. "कुंपण आहे नुसतं."

माझ्या जिवाला केवढा हलकेपणा आला म्हणून सांगू! पण तिने ती गोष्ट रोमनला सांगितली होती, आणि रोमन तो रोमनच. उपासनेनंतरच्या जेवणाला कुणीतरी दाढ काढायला घाबरतोय असं निघालं. रोमन म्हणाला, "जा रे, माहलोनसारखा टोपी टाकून पळू नकोस म्हणजे झालं!" टेबलभर हशा झाला. आयव्हन ब्रेडला शेंगदाण्याचं लोणी लावत होता. तो लावतच राहिला. जेवण झाल्यावर डॅटचा जुना सोबती काठी टेकत त्याच्यापाशी आला.

"तुझा बाप असा नव्हता, आयव्हन. मी ओळखत होतो त्याला."

"होता," आयव्हन म्हणाला.

म्हातारा पाठ फिरवून निघून गेला. त्यानंतर त्याने आयव्हनशी हात मिळवला नाही.

शरदातल्या प्रभुभोजनाआधी आमच्यात एक दिवस असा असतो, की देवाशी आणि माणसांशी शांती आहे का, हे प्रत्येकाला विचारतात. ज्याच्या मनात पाप आहे त्याने गुडघे टेकून सगळ्यांसमोर सांगायचं. सांगितलं की क्षमा होते, आणि ती खरी असते. उद्या कुणी ती गोष्ट उकरून काढत नाही. आयव्हनने सांगितलं असतं तर तो त्याच क्षणी मोकळा झाला असता. पण बायकांच्या बाकावर लिडियान बसली होती, गाल लाल, मांडीवर धाकटं पोर. बिशप आयव्हनसमोर येऊन थांबला.

"शांती आहे," आयव्हन म्हणाला.

माझ्याकडे आला तेव्हा मीही तेच म्हटलं.

आता डॅटचं दुकान आयव्हन चालवतो. परवा दुपारी मी त्याला कॉफी द्यायला गेले. तो शिवणीच्या बाकाच्या अगदी कडेला, पडेल असा बसला होता. बाकी सगळा बाक मोकळा.

"मध्ये सरक की," मी म्हटलं. "पडशील."

"डॅट बसलेत."

मी कप खाली ठेवला. काही माहीत नसलेली बाई असती तर ओरडली असती. मी हळूच विचारलं, "रागावलेत का आपल्यावर?"

आयव्हनने बाकाच्या मोकळ्या बाजूकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"नाही गं. घाबरलेत," तो म्हणाला. "मी सांगितलं तसेच झालेत."