गोलच्या खांबावरची गुढी

लेखन हा माझा प्रांत नाही. साठी उलटल्यावर प्रथमच कागद पुढे ओढणाऱ्या माणसाने वाचकांचा वेळ मागावा, हे मला स्वतःलाच थोडे उद्धटपणाचे वाटते. तेव्हा आधी क्षमा मागतो आणि मग सांगतो, की नव्वदच्या दशकात जपानमधल्या कावासाकी येथे मी गेलिक फुटबॉल खेळत असे. (‘खेळत असे’ हे जरा जास्तच झाले. एकदा खेळलो. त्याचाच हा वृत्तान्त.)

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा खेळ. चेंडू हाताने झेलता येतो आणि पायाने मारता येतो. गोलचे दोन्ही खांब आडव्या दांडीच्याही वर बरेच उंच गेलेले असतात. चेंडू दांडीखालून जाळ्यात गेला तर तीन गुण; दांडीवरून, पण खांबांच्या मधून गेला तर एक. माझ्या ऑफिसात शॉन नावाचा आयरिश सहकारी या खेळाचा हौशी क्लब चालवीत असे. त्याने एकदा लिफ्टमध्ये विचारले, “येणार का खेळायला?” कोणालाही नाही म्हणायचा मला उपजत संकोच. सातवा मजला आला तरी योग्य शब्दांतला नकार सुचेना, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी खेळाडू झालो!

वर्षभर मी मैदानाबाहेर उभा राहून इतरांचे स्वेटर सांभाळले. शिवाय बांबू सांभाळले. नदीकाठच्या आमच्या मैदानावर साध्या फुटबॉलचे बुटके गोल होते. त्यांच्या खांबांना बांबू बांधून आम्ही उंची वाढवीत असू. असे एकूण चार बांबू. मैदानाच्या सर्वांत जवळ घर माझे, म्हणून त्यांचा मुक्काम माझ्या गॅलरीत.

मार्चअखेरीस, हंगामापूर्वीच्या सरावसामन्याच्या आधी शॉन माझ्या टेबलाशी आला. “दोघं आजारी आहेत. रविवारी तू खेळतोयस. बरा खेळलास तर उन्हाळ्याच्या स्पर्धेच्या यादीत तुझं नाव!”

यादीत माझे नाव! शाळेत असताना कबड्डीच्या संघातसुद्धा मला कोणी घेतले नव्हते. मी चार दिवस स्टेशनचे जिने धावत चढलो.

रविवारी सकाळी आठ वाजता बांबू घ्यायला गॅलरीत गेलो. बांबू तीन होते. चौथ्यावर गुढी होती!

त्या दिवशी पाडवा होता. महिन्याभरासाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी येताना साखरेची गाठी आणि जरीचा खण आणला होता. तांब्या आमचा, आणि कडुनिंबाच्या जागी इमारतीच्या कुंपणाची डहाळी. काठी मात्र त्यांना घरातच मिळाली होती.

“आई, हा बांबू... म्हणजे, क्लबचा आहे हो.”

“असू दे की. त्यांचंही भलं होईल!”

“पण दहाला मॅच आहे. मला तो आत्ता हवाय.”

“सूर्य मावळायच्या आधी गुढी उतरवायची? ऐन पाडव्याला? काय बोलताय जावईबापू!”

माझी पत्नी सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, दुकानातून दुसरा आणा ना.”

रविवारी सकाळी आठ वाजता कोन्बिनीमध्ये, म्हणजे तिथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, भाताचे गोळे मिळतात, छत्र्या मिळतात. बारा फुटी बांबू मिळत नाही, असे मी तिला खडसावून सांगितले. (मनात.)

शेवटी तोडगा सुनंदानेच काढला. “उतरवायची नाही ना, आई? मग नुसती हलवू. उभीच नेऊ.”

सासूबाईंनी विचार केला. “पालखी हलते, तशी हलेल. पण मी बरोबर येणार. आणि आडवी करायची नाही!”

उभी गुढी लिफ्टमध्ये मावत नाही. बाहेरच्या जिन्याने, प्रत्येक वळणावर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या गाद्यांची क्षमा मागत, आम्ही खाली आलो. पुढे गुढी धरलेला मी, अर्ध्या चड्डीत. मागे खांद्यावर तीन बांबू घेतलेली सुनंदा. तिच्यामागे चटई घेतलेल्या सासूबाई. चौकात एका पोलिसाने सायकल थांबवली आणि हे काय आहे, असे अदबीने विचारले.

“गोलचा खांब,” मी म्हणालो.

“नवीन वर्ष,” त्याच क्षणी सुनंदा म्हणाली.

पोलिसाने दोन्ही उत्तरे ऐकून घेतली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि सायकल शक्य तितक्या वेगाने हाणली.

मैदानावर शॉनने गुढी खालपासून तांब्यापर्यंत न्याहाळली.

“हे उतरेल?”

“उतरेल. सूर्यास्ताला.”

“मॅच दहाला आहे.”

“हो.”

त्याने गोलच्या मागे चटई पसरून बसलेल्या सासूबाईंकडे पाहिले आणि गुढी स्वतःच्या हाताने खांबाला बांधली.

पूर्वार्धात योकोहामाहून आलेला संघ गुढीच्या गोलवर चाल करीत होता. कोणी चेंडू उंच मारायला पाय मागे घेतला, की सासूबाई उठून उभ्या राहत. “ए लाल शर्ट! तांब्याला लागला ना, तर बघ!” शब्द कोणालाच कळत नव्हते, पण बोट सर्वांना कळत होते. ती धिप्पाड माणसे बिचकून चेंडू बाहेर मारू लागली. मध्यंतराला आम्ही चार गुणांनी पुढे!

शॉनने माझ्या पाठीवर थाप मारली. “तुझ्या सासूबाईंइतका चांगला बचाव आमच्यात कोणीच करत नाही!” मी नम्रपणे मान लववली, जणू त्यांना मीच शिकवले होते.

मग बाजू बदलल्या.

हा नियम सासूबाईंना सांगायचे राहूनच गेले होते. अर्थात सांगून उपयोग झाला नसता. त्यांना आपला संघ आणि परका संघ असा भेद नव्हता. आता आमची माणसे बिचकू लागली. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि चेंडू चक्क माझ्या हातात आला! माझ्यावर पाळत ठेवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. मी एकटा, गोल पंधरा पावलांवर.

“वरून मार!” शॉन ओरडला. “वरून!”

“जावईबापू!” गोलच्या मागून आवाज आला. “घरचेच ना तुम्ही?”

मी चेंडू खाली ठेवला आणि जमिनीवरून, दांडीच्या पुष्कळ खालून मारला. मारला म्हणजे सोडला. तो इतक्या सभ्यपणे गेला, की गोलकीपरने उचलून घेत ‘अरिगातो’ म्हणून माझे आभार मानले. शिट्टी झाली.

सूर्यास्त होईपर्यंत आम्ही तिघे त्या एका बांबूपाशी बसून होतो. क्लबची वस्तू म्हणून शॉनही थांबला. सासूबाईंनी हळदकुंकू वाहून गुढी उतरवली आणि गाठीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तो चघळत शॉन म्हणाला, “त्या यादीबद्दल बोलायचं होतं.”

“बोल ना!” मी चटईवर पुढे सरकलो.

“सासूबाईंचा व्हिसा उन्हाळ्यापर्यंत वाढवता येईल का?”

यादीत माझे नाव आले नाही; स्वेटरांची जबाबदारी मात्र कायम राहिली. त्यानंतर मी मनातल्या मनात तो चेंडू पुष्कळदा वरून मारला आहे, आणि दर वेळी घरी जायची भीती वाटली आहे. वाचकहो, माझ्या जागी तुम्ही असता, तर तो कुठून मारला असता?