आळीतला अकरा नंबर

माझी सून माडीवरच्या खोलीत बसून नोकरी करते. कानाला हेडफोन लावून एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. बाळ झाल्यावर कंपनीनं तिला घरून काम करू दिलं, पण बोलणं मध्येच तुटता कामा नये, अशी अट घातली. तुटायला लागलं तर रोज ठाण्याच्या ऑफिसात यायचं. बाळ अजून अंगावर पितं. तशी वेळ आली तर नोकरीच सोडेन, असं ती एकदा माझ्याबरोबर भांडी लावताना म्हणाली होती.

आमच्या आळीत सात घरं, भिंतीला भिंत लागलेली, सगळी भाऊबंदांची. घरोघर वायफायचा डबा आहे. सुनेचं बोलणं तुटायला लागलं तेव्हा मुलानं मोबाइलवर बघून आमच्या डब्याचा नंबर एक करून ठेवला. डबे हवेतून ज्या वाटेनं बोलतात, त्या वाटेचा तो आकडा. एक नंबरच्या वाटेवर तेव्हा कोणीच नव्हतं. सुनेचं काम बरं चालायला लागलं.

शेजारी माझी थोरली जाऊ राहते. तिच्या टीव्हीवर मालिकेच्या मध्येच चाक फिरत राहायचं. आमचं बरं चाललंय हे कळल्यावर तिनं सुनेला नंबर विचारला आणि सुनेनं सांगितला. आमच्याकडे असंच असतं. एखाद्या घरचं भात चांगलं आलं की मळणीनंतर बाकीचे आपलं पायलीभर भात घेऊन येतात आणि त्याचं पायलीभर बी घेऊन जातात. नाही म्हणायची रीत नाही. माझ्या माहेराहून, मुरबाडकडून, मी आणलेलं बी असंच बघता बघता आळीभर झालं होतं. एक नंबरही तसाच घरोघर गेला. ज्यांना बदलता येत नव्हता त्यांना जावेच्या मुलीनं बदलून दिला.

मग सुनेचं बोलणं आधीपेक्षा जास्त तुटायला लागलं. साहेबांनी तिला सांगितलं, सोमवारपासून ऑफिसात या.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि मोबाइल बघून हसायलाच लागला. सातही डबे एकाच वाटेवर येऊन बसले होते. त्यानं मला समजावलं. या वाटांना मालक नाही, परवाना लागत नाही, आपल्या गुरचरणासारखं आहे. कोणीही यावं, कोणाला हाकलता येत नाही. डबा आधी कानोसा घेतो, दुसरा बोलत असेल तर थांबतो आणि तो गप्प झाला की बोलतो. सात जण एकाच वाटेवर असले की थांबण्यातच वेळ जातो. एकमेकांना घासणार नाहीत अशा वाटा आमच्या डब्यांना तीनच, एक, सहा आणि अकरा. त्यानं आमचा डबा अकरावर नेला आणि आता कोणाला सांगू नका, म्हणाला. सुनेनंही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी धुणं वाळत घालत होते. जाऊ तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"तुमचा परत चालाय लागला म्हनं," ती म्हणाली. "आता कुठला नंबर लावला गो?"

मी तिच्यासमोर फारशी बोलत नाही. लग्न झाल्यापासून तसंच आहे. सांगितलं तर दोन दिवसांत सगळी आळी अकरावर येणार आणि सून ठाण्याला जाणार, हे मला दिसत होतं. न सांगावं तर बी लपवल्यासारखं. मी हातातलं लुगडं पिळतच राहिले. शेवटी म्हणाले, "बाई, अकरा. पन हा बियान्यासारखा नाय. सगल्यांनी एकच घेतला तं कुनालाच पुरत नाय. शेजारच्यानं येगला घ्याचा."

"म्हंजे चांगला तू ठेवशील न् उरलासुरला आमाला?"

"तिन्ही सारखेच हायेत. शेजारी घेत नाय, तोच चांगला." आणि मग मीच म्हणाले, "तुमी थोरल्या. पयला तुमी निवडा."

जाऊ सुपातले खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "मंग अकराच दे."

ते ऐकून सून माडीवरून खाली आली. माझ्या हातातलं लुगडं घेऊन तिनंच ते जोरात झटकून दोरीवर टाकलं. संध्याकाळी मुलगा मात्र म्हणाला, काही बिघडत नाही. त्यानं जावेचा डबा अकरावर नेला आणि आमचा सहावर. पुढच्या घरी एक राहू दिला. त्यापुढच्या घरी पुन्हा अकरा, असं करत तो आळीच्या टोकापर्यंत गेला. जाऊ त्याच्याबरोबर प्रत्येक ओट्यावर गेली आणि कोणी हाच का, तोच का, म्हणालं की तिनंच उत्तर दिलं. मला कुठे जावं लागलं नाही.

साहेबांकडून एक दिवस मागून घेऊन सोमवारी सून माडीवरच बसली. मी बाळाला मांडीवर घेऊन जिन्याखाली बसले होते. एरवी ती हॅलो, हॅलो करत राहायची. त्या दिवशी ती सलग बोलत होती. मध्ये खाली आली, बाळाला पाजलं आणि परत वर गेली. साहेबांचा फोन आला नाही.

जाऊ अजून म्हणते, अकराच चांगला. मी हो म्हणते.